वीस वर्षांचा शब्द

मागच्या महिन्यात नोकरीचा राजीनामा दिला. घरच्यांना माहीतच आहे, बाकीच्यांना आज कळेल. भांडण नाही, तंटा नाही. अकरा वर्षं झाली होती, जाते म्हटलं, साहेब म्हणाले ठीक आहे, नोटीस तीन महिन्यांची. इतकं सरळ प्रकरण. तरी ते चार ओळींचं पत्र लिहायला मला तीन संध्याकाळी लागल्या. पहिल्या मसुद्यात आभारच इतके झाले की नवऱ्यानं वाचून विचारलं, "मग सोडतेस कशाला?" दुसऱ्या मसुद्यात अकरा वर्षांचा सगळा हिशेब आपोआप उतरला. कोणी कधी काय म्हटलं, कुठल्या साली कोणाला बढती मिळाली... तो त्याला दाखवलाच नाही.

तो दुसरा मसुदा फाडताना टिळकांची आठवण झाली. हसू नका. त्यांनीही असाच एक हिशेब लिहिला होता, फक्त त्यांनी तो फाडला नाही. डिसेंबर १८९० मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीला त्यांनी जे राजीनाम्याचं पत्र दिलं ते केवढं तरी लांबलचक आहे. आणि त्याच संस्थेतून बारा वर्षांनी गोखले बाहेर पडले ते मानपत्र घेऊन. एकच संस्था, एकच शपथ, आणि जाण्याच्या दोन तऱ्हा. गेले काही दिवस मी संध्याकाळी हेच वाचत बसले आहे.

मुळात ही संस्थाच एका राजीनाम्यातून जन्मली असं म्हणायला हरकत नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७९ मध्ये सरकारी शाळेतली नोकरी सोडली. तिकडे डेक्कन कॉलेजात टिळक आणि आगरकर हे दोघे मित्र स्वतःची शाळा काढायच्या गप्पा मारत होतेच. जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल उघडलं. आगरकर एम. ए. उरकून वर्षभरानं आले. १८८१ साली केसरी आणि मराठा निघाले, १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणातल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक-आगरकर दोघेही डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहून आले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली आणि जानेवारी १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज.

सोसायटीचा कणा म्हणजे आजीव सभासद. त्यांनी वीस वर्षं तिथंच शिकवायचं असा शब्द द्यायचा. पगार पुढं महिना ७५ रुपयांवर स्थिरावला. त्या काळी हाताशी बी. ए. ची पदवी असली की सरकारी नोकरीत कुठल्या कुठे जाता येत असे, तेव्हा ही रक्कम म्हणजे काय ते समजून घ्या. वीस वर्षं! आज आम्ही दोन वर्षांच्या बाँडवर सही करताना वकील मित्राला फोन करतो.

अडचण अशी की शब्द देताना ही सगळी मंडळी पंचविशीच्या आसपासची होती. लग्नं झाली, मुलं झाली, दुखणी आली. आगरकरांचा दमा तर सर्वांना ठाऊक आहे. मग पगारवाढीचा प्रश्न निघाला. होळकर महाराजांनी दिलेली रक्कम व्यक्तींची की संस्थेची यावर वाजलं. वर्तमानपत्रातून सामाजिक सुधारणांवर काय लिहावं यावरून टिळक-आगरकरांचं आधीच बिनसलं होतं. १८८७ मध्ये आगरकरांनी केसरी सोडला आणि पुढच्या वर्षी सुधारक काढला.

टिळकांचं म्हणणं थोडक्यात असं होतं. आपण इथं जेझुइट पाद्र्यांसारखं राहायला आलो आहोत. संस्थेला आयुष्य वाहिलं, तर मग बाहेरची कामं आणि बाहेरची कमाई नको. सगळा वेळ संस्थेचा. बाकीच्यांना हे फार कडक वाटे. त्यांचंही काही चुकत नव्हतं म्हणा, पाऊणशे रुपयांत संसार चालवायचा तर शिकवण्या, पुस्तकं, काहीतरी करावंच लागणार. शिवाय स्वतः टिळक वर्तमानपत्र चालवत होतेच, हा मुद्दा समोरचे लोक सोडतील कशाला?

१८९० मध्ये निमित्त झालं ते गोखल्यांचं. चोवीस वर्षांचा हा तरुण प्राध्यापक सार्वजनिक सभेचा चिटणीस झाला. सभेचं त्रैमासिकही त्याच्याकडेच आलं. रानड्यांच्या हाताखालचं काम, म्हणजे किती बारीक आणि किती वेळखाऊ असणार ते सांगायला नको. टिळकांनी आक्षेप घेतला, मतं विरुद्ध गेली आणि ते बाहेर पडले.

ते लांब पत्र पुढं टिळकांच्या चरित्रांतून छापलं गेलं. मी ते पूर्वी वाचायला घेतलं होतं तेव्हा अर्ध्यात सोडलं होतं. या वेळी शेवटपर्यंत वाचलं. संस्था कशी सुरू झाली, काय ठरलं होतं, कोण कुठे घसरलं, सगळं क्रमानं. वकिली पद्धतीचं लेखन आहे, मुद्द्याला मुद्दा. पण मध्येच, आपण आपल्या आयुष्याचं ध्येयच सोडतो आहोत, अशा अर्थाचं ते लिहून जातात आणि मग वाचणाऱ्याला थांबावं लागतं. तोवर मला हे पत्र म्हणजे भांडण वाटत होतं. चौतीस वर्षांचा माणूस, ऐन उमेदीची दहा-अकरा वर्षं एका शाळेत घातलेली, पुढं काय ते निश्चित नाही. त्यातून जवळचा मित्र पलीकडच्या बाजूला. हिशेब मांडल्याशिवाय त्याला उठताच आलं नसावं.

आणि एक गोष्ट त्यांच्या बाजूनं सांगितली पाहिजे. त्यांनी नवं कॉलेज काढून फर्ग्युसनची मुलं पळवली नाहीत. केसरी-मराठा कर्जासकट अंगावर घेतले, पोटापाण्यासाठी कायद्याचा वर्ग चालवला, लातूरला भागीदारीत कापसाच्या जिनिंगचा कारखानाही काढून पाहिला. राजकारण आणि वर्तमानपत्र यांतलं वैर पुढं भरपूर वाढलं, ते वेगळं. शाळा-कॉलेज मात्र उभं राहिलं. आपटे गेल्यावर १८९२ मध्ये आगरकर प्रिन्सिपॉल झाले, आणि १८९५ च्या जूनमध्ये तेही गेले, अवघ्या अडतीस-एकोणचाळिसाव्या वर्षी. टिळकांनी केसरीत त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला. पाच वर्षांपूर्वीचं ते पत्र आणि हा लेख एकाच माणसाचे. दोन्ही लागोपाठ वाचून पाहा कधीतरी.

आता गोखले.

त्यांना आपण मवाळ म्हणून इतकं ठोकून ठेवलंय की त्यांचं सगळं मऊ-मऊच असणार असं वाटतं. तसं नाही. तेही एका ठिकाणाहून कडवट होऊन निघाले होते. १८९५ मध्ये सार्वजनिक सभा टिळकांच्या पक्षाच्या ताब्यात गेली, तेव्हा गोखल्यांनी तिथलं चिटणीसपद सोडलं आणि १८९६ मध्ये रानड्यांबरोबर डेक्कन सभा नावाची वेगळी चूल मांडली. म्हणजे ज्या कामावरून टिळक कॉलेजातून गेले, त्याच कामावरून गोखल्यांना टिळकांच्या लोकांमुळे उठावं लागलं. इतिहासात असले हिशेब फिटताना दिसले की मला नेहमी जरा भीतीच वाटते.

तेव्हा १९०२ साली फर्ग्युसन सोडताना जे झालं ते केवळ स्वभावामुळे झालं असं मला वाटत नाही. जानेवारी १८८५ मध्ये ते न्यू इंग्लिश स्कूलमध्ये मास्तर म्हणून लागले होते. कॉलेजात इंग्रजी, गणित, इतिहास, अर्थशास्त्र, जे पडेल ते शिकवलं. (त्यांचं अंकगणित आपल्या आजी-आजोबांच्या पिढीनं घोकलेलं आहे.) सोसायटीचे चिटणीस झाल्यावर सुट्ट्यांमध्ये गावोगाव फिरून इमारतीसाठी वर्गणी गोळा केली. कोणाच्या तरी ओट्यावर बसून दहा-वीस रुपयांसाठी तासभर बोलायचं, हे काम ज्यानं केलंय त्यालाच त्याची किंमत कळते. सहकाऱ्यांनी ते पाहिलं होतं.

१९०१ च्या अखेरीस ते केंद्रीय कायदेमंडळावर निवडून गेले. बैठका कलकत्त्याला. मार्च १९०२ मध्ये अंदाजपत्रकावरचं त्यांचं पहिलं मोठं भाषण झालं आणि एका दिवसात देशभर नाव झालं. आता वर्गात तास घ्यायचे की तिकडे लढायचं? दोन्ही करता आलं असतं. खरं तर बहुतेकांनी तेच केलं असतं, आणि कॉलेजनंही आपला प्राध्यापक एवढा मोठा झाला म्हणून आनंदानं चालवून घेतलं असतं. गोखल्यांनी कॉलेज सोडलं.

इथं मला गंमत वाटते, किंवा गंमत नव्हे, दुसरंच काहीतरी. १८९० मध्ये टिळक त्यांना हेच तर सांगत होते! दोन डगरींवर पाय ठेवू नका. तेव्हा चोवीस वर्षांच्या गोखल्यांना ते जाचक वाटलं. छत्तिसाव्या वर्षी, कोणी सांगितलं नसताना, ते तसंच वागले. टिळकांचं बरोबर होतं असं त्यांनी कुठे म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही. पण केलं तसं.

१९ सप्टेंबर १९०२ ला विद्यार्थ्यांनी मानपत्र दिलं. दिवस मोजले तर अठरा वर्षंही पुरी झाली नव्हती, पण कोणी बोटं मोजत बसलं नाही. कॉलेज उघडं पडलं असंही नव्हतं. याच कॉलेजचा विद्यार्थी आणि केंब्रिजचा सीनियर रँग्लर, रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, त्याच साली येऊन प्रिन्सिपॉल झाले होते. त्यांनाही सरकारी खात्यात मोठा पगार सहज मिळाला असता.

उत्तराच्या भाषणात गोखल्यांनी एक गोष्ट सांगितली. समुद्रकाठी राहणारा एक माणूस. घर, शेत, प्रेमळ कुटुंब, कशाची ददात नाही. पण समुद्राची ओढ लागली ती सुटेना. शेवटी सगळं विकून, जे होतं ते होडीत घालून तो निघाला. दोनदा लाटांनी मागे लोटलं. तिसऱ्यांदा गेला तेव्हा समुद्रानं त्याला गिळलं. माझी अवस्था साधारण अशीच आहे, असं ते म्हणाले.

निरोपसमारंभात सांगायची गोष्ट आहे का ही? आपल्याकडे अशा वेळी "नव्या क्षितिजांकडे" वगैरे म्हणतात. हा माणूस शालश्रीफळाच्या वेळी सांगतोय की मी बहुतेक बुडणार आहे. तरी त्या भाषणात कडवटपणाचा एक शब्द नाही, कारण बुडण्याचा दोष तो कोणावर टाकत नाही. घर चांगलं होतं, शेत चांगलं होतं, ओढ माझी. माझ्या फाडलेल्या मसुद्यात नेमकी हीच ओळ नव्हती. मी माझ्या जाण्याची कारणं त्यांच्या अंगणात शोधत होते.

तीन वर्षांनी, १२ जून १९०५ ला, फर्ग्युसनच्या मागच्या टेकडीवर गोखल्यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली. कॉलेज सोडून गेलेला माणूस कॉलेजच्या हाकेच्या अंतरावर नवीन संस्था काढतो आणि कोणाच्या पोटात दुखत नाही, याहून चांगला दाखला कुठला द्यायचा? तिथं सभासदांसाठी सात प्रतिज्ञा होत्या. त्यांतल्या दोन वाचून मी पुस्तक खाली ठेवलं. एक अशी की स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्तीचा कुठलाही भाग खर्च करणार नाही. दुसरी अशी की कोणाशीही व्यक्तिगत भांडण करणार नाही. १८९० सालचं सगळं प्रकरण, दोन्ही बाजू, या दोन वाक्यांत बसतात. हा आपला माझा तर्क. पण ज्यानं ते भांडण तरुणपणी जवळून पाहिलं, नव्हे त्याचं निमित्तच जो झाला, त्याला ही कलमं लिहिताना ते आठवलं नसेल असं मला वाटत नाही.

१९ फेब्रुवारी १९१५ ला गोखले गेले तेव्हा ते अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. स्मशानात टिळक बोलले, आणि चांगलं बोलले.

असो. माझं पत्र शेवटी तीन ओळींचं झालं. कधीपासून जाते, काम कोणाकडे सोपवते, आभार. माझ्या जागी येणारी मुलगी सोमवारी रुजू होतेय, म्हणून रात्री बसून तिच्यासाठी एक वही लिहितेय. कुठली फाइल कुठे, कोणत्या पार्टीला कधी फोन करायचा, मार्चअखेरीला काय काय लागतं. कोणापासून सांभाळून राहावं याचंही एक पान लिहिलं होतं. ते काल काढून टाकलं. वही सुटी पानांची आहे, त्यामुळे कळत नाही.