मांडव्याचा अविनाश साबळे

देशोधडीस लागलेल्या कुटुंबांतील मुलें परमुलखांत नामांकित खेळाडू झाल्याच्या हकीगती आपण ऐकतों. सूदानमध्यें जन्मलेला व निर्वासित म्हणून इजिप्तमध्यें वाढलेला लुओल डेंग पुढें अमेरिकेंतील व्यावसायिक बास्केटबॉलमध्यें गाजला. बीड जिल्ह्यावर तसें युद्ध कोसळलेलें नाहीं. तरी दसरा उलटला कीं येथील कित्येक गांवें निम्मीं रिकामीं होतात. मुकादमाची उचल घेतलेलीं जोडपीं उसाच्या फडाकडे निघतात. नवरा-बायको मिळून हिशेबांत एक ‘कोयता’! माणसाची गणती हत्यारानें व्हावी, हें मला कधींच रुचलें नाहीं.

असल्याच कष्टाच्या मुलखांत, आष्टी तालुक्यांतील मांडवा गांवीं, 13 सप्टेंबर 1994 रोजीं अविनाश साबळे याचा जन्म झाला. आईवडील वीटभट्टीवर राबत. शाळा सहा किलोमीटर दूर. तें अंतर तो पायीं तुडवी, कधीं धांवतच गांठी. बारावीनंतर तो महार रेजिमेंटमध्यें भरती झाला. सियाचीनचा बर्फ आणि राजस्थानची वाळू यांत त्याची उमेदवारी झाली, आणि 2015 नंतर लष्करांतील क्रॉस-कंट्री शर्यतींतून त्याचे पाय लोकांच्या नजरेंत भरले.

त्यानें धरलेली स्टीपलचेस ही शर्यत 3000 मीटरची. वाटेंत 28 अडथळे, शिवाय सात वेळां पाण्यावरून उडी. पाय अडखळला तर यांतला ओंडका पडत नाहीं, माणूस पडतो. या शर्यतींतील गोपाल सैनी यांचा 1981 चा राष्ट्रीय विक्रम, 8 मिनिटें 30.88 सेकंद, 37 वर्षें अबाधित होता. अविनाशनें तो 2018 सालीं भुवनेश्वर येथें मोडला, आणि पुढें स्वतःलाच मागें टाकीत 2024 सालीं पॅरिसच्या डायमंड लीगमध्यें 8 मिनिटें 9.91 सेकंदांपर्यंत मजल मारली.

परंतु खरी कसोटी 2022 सालची, बर्मिंगहॅमची. 1998 पासून 2018 पर्यंतच्या प्रत्येक राष्ट्रकुल स्पर्धेंत या शर्यतीचीं तिन्ही पदकें एकट्या केनियानें नेलीं होतीं. अविनाश 8 मिनिटें 11.20 सेकंदांत दुसरा आला. पहिला आलेला अब्राहम किबिवोट त्याच्यापुढें होता अवघे 0.05 सेकंद, पापणी लवण्यासही याहून अधिक वेळ लागतो. 2023 सालीं हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेंत त्यानें सुवर्णपदक मिळविलें खरें, तथापि बर्मिंगहॅमचें रौप्य मला अधिक मोलाचें वाटतें.

2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें या शर्यतीची अंतिम फेरी गांठणारा तो पहिला भारतीय पुरुष ठरला. तेथें तो अकरावा आला. पुढच्या वर्षीं जुलैंत मोनॅकोच्या शर्यतींत गुडघा दुखावला, आणि सप्टेंबरांतील टोकियोच्या जागतिक स्पर्धेस त्याला मुकावें लागलें.