जहाजाचे भाडे आणि इंदापूरची साखर

इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर साखरेसाठी ओळखले जाते. परंतु 1930च्या दशकात कळंबच्या माळावर ही वसाहत उभारणारे वालचंद हिराचंद त्याआधीच सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीमुळे जहाजधंद्यात गाजलेले होते. 5 एप्रिल 1919 रोजी या कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनला निघाले, तरी तिची खरी झुंज झाली ती ब्रह्मदेश आणि भारत यांच्या किनारी वाहतुकीत. तेथील प्रस्थापित ब्रिटिश कंपन्या ‘डिफर्ड रिबेट’ देत, म्हणजे व्यापारी भाडे पुरते भरी आणि ठरलेल्या मुदतीत, शिवाय त्यापुढेही काही काळ, त्याने परक्या जहाजात माल घातला नाही तरच त्यातला काही भाग परत मिळे. निवडीचे स्वातंत्र्य कागदावर शाबूत होते, पैसा मात्र अडकलेला असे. भाडेयुद्धाने जेरीस आलेल्या सिंदियाला 1923मध्ये या ब्रिटिश कंपन्यांचे धुरीण लॉर्ड इंचकेप यांच्याशी तह करून दहा वर्षे मर्यादा पत्करावी लागली; 1928मध्ये एस. एन. हाजी यांनी किनारी वाहतूक भारतीय जहाजांना राखून ठेवण्याचे विधेयक मांडले, त्याचे मूळ या अनुभवात आहे.

अख्खे जहाज भाड्याने घेणाऱ्यापुढचा प्रश्न निराळा असतो. ‘व्हॉयेज चार्टर’मध्ये भाडे टनामागे ठरते आणि इंधन व बंदराचा खर्च सहसा मालकाकडे राहतो, ‘टाइम चार्टर’मध्ये भाडे दिवसावर असते, जहाज कोठे न्यायचे हे भाडेकरू ठरवतो आणि ते खर्चही तोच सोसतो. 1922चा जेनकॉन आणि 1913चा न्यूयॉर्क प्रोड्यूस हे अनुक्रमे या दोन प्रकारांचे नमुनेदार मसुदे सुधारित रूपांत आजही चालतात. वेळ वाया गेल्यास पदरमोड कोणी करायची, हाच या निवडीचा गाभा होय.

कच्ची साखर पोत्यांविना थेट जहाजाच्या पोटात ओतली जाते तेव्हा पावसाची एक सर आली तरी झाकणे लावून काम थांबवावे लागते; म्हणून व्हॉयेज करारात लादणीच्या मुदतीतून असे दिवस वगळण्याची अट घालतात, आणि ती नसल्यास पावसाचे दिवसही मुदतीत मोजले जाऊन ती उलटताच ‘डेमरेज’ हा दैनिक दंड चालू होतो. बारामती-इंदापूरच्या कारखान्यांची साखर पुष्कळदा निर्यातदार दारातच उचलतो, त्यामुळे ही डोकेदुखी त्याची किंवा परदेशी खरेदीदाराची. बारामती एमआयडीसीतून कंटेनरने जाणाऱ्या मालाला तर ती नाहीच. 2021-22च्या हंगामात देशातून सुमारे 110 लाख टन साखर गेली, पुढच्याच हंगामात सरकारने कोटा आवळला. अशा धरसोडीत वर्षभरासाठी जहाज बांधून घेणाऱ्याला साखर नसली तरी रोजचे भाडे चुकत नाही, आणि म्हणून साखरेचा व्यापारी बहुधा एका खेपेपुरताच करार करतो.