चकाकत्या चाकाची निगा

प्रारंभीच्या अनेक मोटारींची चाके घोडागाडीसारखी लाकडी आऱ्यांची, तर काहींची तारांची असत. पुढे पोलादी पत्र्याची चाके आली. ॲल्युमिनियम त्या आधी दुर्मिळ व महाग होते. १८८६ साली अमेरिकेत हॉल व फ्रान्समध्ये एरू यांनी, एकमेकांस न कळत, ते विजेच्या साहाय्याने वेगळे करण्याची रीत शोधली आणि हा धातू कारखान्यांच्या आवाक्यात आला. ऑगस्ट १९२४ मध्ये लिआँच्या शर्यतीत एतोरे बुगाटी यांनी 'टाइप ३५' मोटारी उतरविल्या. त्यांची आठ रुंद आऱ्यांची चाके ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची ओतीव होती. त्या दिवशी टायरांनी दगा दिला. चाकांची कल्पना मात्र टिकली.

अशा चाकाचा खरा रक्षक डोळ्यांस दिसत नाही. हवा लागताच धातूवर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या काही दशलक्षांशांएवढीच. तीव्र आम्ल त्यास विरघळविते, तीव्र क्षारही. धुण्याच्या सोड्याने ॲल्युमिनियमचे पातेले काळवंडते ते यामुळेच. गोव्यासारख्या समुद्रकाठी खारी हवा तर उघड्या धातूस बारीक खड्डे पाडते.

म्हणून चाक निवल्यावर ब्रेकची धूळ भरपूर पाण्याने वाहू द्यावी. मग सौम्य साबण व मऊ फडके वापरून चाक कोरडे पुसावे आणि वर मेणाचा पातळ हात द्यावा. पॉलिशच्या प्रत्येक घासणीत थोडा धातू जातो. ती क्वचितच करावी. जोरकस द्रावणाने घटकेत आलेली स्वच्छता पुढे खड्ड्यांच्या रूपाने वसूल होते, आणि गेलेला धातू परत येत नाही.