दुष्काळाची गोष्ट कोणाची? सोलापूर, ‘करमणूक’ आणि १८९७ सालचे एक लहान पुस्तक

१/
इ. स. १८९७. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला साठ वर्षे झाली म्हणून साम्राज्यभर सोहळे चालले होते. त्याच वर्षी लंडनच्या टी. फिशर अन्विन या प्रकाशकाने ‘रामजी’ नावाचे एक लहान इंग्रजी पुस्तक काढले. विषय हिंदुस्थानातील दुष्काळ. लेखक पुण्याचे हरि नारायण आपटे. ही दुष्काळकथा मुळात मराठी होती, आणि तिच्यामागे सोलापूरसारख्या जिल्ह्यांचा अनुभव उभा होता.

२/
प्रथम भूमी समजून घेऊ. सोलापूर जिल्हा अवर्षणप्रवण पट्ट्यात येतो. काळी जमीन आणि रब्बीची ज्वारी हा येथील शेतीचा कणा. ज्वारीची पेरणी परतीच्या पावसाच्या ओलीवर अवलंबून असते. हस्ताचा पाऊस चुकला की पेरणीच होत नाही. मग माणसाला धान्य नाही आणि जनावराला कडबाही नाही. एका पावसाच्या चुकीने घर आणि गोठा दोन्ही एकदम रिकामे होत.

३/
१८७६-७८ चा दुष्काळ याच वाटेने आला. १८८४ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा विसावा खंड सोलापूर जिल्ह्याविषयी आहे. धान्याचे भाव, दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या, सरकारी खर्च अशी माहिती त्यात मिळते. इतिहासाच्या अभ्यासकाला तो खंड अत्यंत मोलाचा आहे. परंतु त्यातल्या दुष्काळाच्या हिशेबात मजुरांची मोजदाद असते, मजूर काय बोलला हे नसते.

४/
या मोजदादीमागे एक कठोर व्यवहार होता. जानेवारी १८७७ मध्ये व्हाइसरॉय लिटन यांनी सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळी प्रदेशाच्या पाहणीवर धाडले. दिवसभर खडी फोडणाऱ्या, माती वाहणाऱ्या मजुराला एक रत्तल धान्य आणि वर किरकोळ पैसे पुरेत, असे त्यांचे मत. एक रत्तल म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कामे सोडून याचा निषेध केला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली.

५/
त्या काळातल्या दुष्काळी कामांच्या खुणा आजही उभ्या आहेत. आष्टीचा तलाव १८७६-७७ मध्ये दुष्काळी काम म्हणूनच हाती घेण्यात आला. सोलापूरजवळचा एकरूख तलाव, ज्याला लोक हिप्परग्याचा तलाव म्हणतात, त्याआधीच म्हणजे १८७१ च्या सुमारास पूर्ण झाला होता. अशा बांधांवर सरकारी नोंद राहते. माती वाहणाऱ्या हातांची राहत नाही.

६/
कर्जाचा प्रश्न याहून जुना. १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. त्यानंतर १८७९ साली दख्खनी शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा झाला. तो पुणे, सातारा, अहमदनगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांना लागू झाला. सोलापूरच्या कुणब्याचे कर्जबाजारीपण सरकारने अशा रीतीने कायद्यातच मान्य केले.

७/
१८८० च्या दुष्काळ आयोगाने एक महत्त्वाची गोष्ट नोंदवली. दुष्काळात शेतमजूर मरतो तो केवळ धान्य नाही म्हणून नव्हे. काम थांबते, मजुरी थांबते आणि धान्य घ्यायला हातात पैसा उरत नाही. सोलापुरात आगगाडी १८६० सालीच आली होती. तरीही रुळांवरून आलेले धान्य विकत घेण्याची ऐपत नसणाऱ्याला त्या गाडीचा उपयोग नव्हता.

८/
आता साहित्याकडे वळू. १८९० साली हरिभाऊ आपट्यांनी पुण्यात ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले. तेव्हा त्यांचे वय अवघे सव्वीस. खानदेशातील पारोळ्यात १८६४ साली जन्मलेल्या या लेखकाने पुढे सुमारे २७ वर्षे ते चालवले. नाव हलकेफुलके, परंतु हेतू दुहेरी होता: कुटुंबातल्या सर्वांना रंजक वाचन द्यावे आणि त्यातूनच समाजाला विचार करायला लावावा.

९/
जगभर हा नियतकालिकांचा सुवर्णकाळ होता. जानेवारी १८९१ मध्ये लंडनमध्ये ‘स्ट्रँड मॅगझीन’ निघाले आणि त्याच वर्षी त्यात शेरलॉक होम्सच्या कथा येऊ लागल्या. साक्षरता वाढली होती, छपाई स्वस्त झाली होती, रेल्वे आणि टपाल गावोगावी पोहोचत होते. एका बैठकीत संपणारी गोष्ट ही नव्या वाचकाची गरज बनली. ‘करमणूक’ ‘स्ट्रँड’च्या आधी निघाले, हे मराठी वाचकाने अवश्य लक्षात ठेवावे.

१०/
‘लघुकथा’ हा शब्द तेव्हा रुळला नव्हता. क्रमशः चालणाऱ्या कादंबरीहून वेगळ्या, स्वतंत्र गोष्टींना हरिभाऊ ‘स्फुट गोष्टी’ म्हणत. क्रमशः कादंबऱ्यांपैकी ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही ‘करमणुकी’तूनच आली. ती यमू नावाच्या स्त्रीने स्वतः सांगितलेली आत्मकथा आहे. जिच्याविषयी इतर सगळे बोलत होते, तिलाच हरिभाऊंनी बोलते केले. ही पद्धत पुढील मुद्द्यासाठी महत्त्वाची आहे.

११/
सोलापूर या छापील जगाबाहेर नव्हते. ‘कल्पतरू’ हे तेथील साप्ताहिक. शेठ हिराचंद नेमचंद यांनी १८८० नंतरच्या दशकात सुरू केलेले ‘जैन बोधक’ हे मासिकही सोलापूरचेच. १८७७ साली शहरात कापडाची पहिली मोठी गिरणी उभी राहिली. एकीकडे गिरणी, छापखाना, आगगाडी. दुसरीकडे शहराच्या वेशीबाहेर पावसाकडे डोळे लावून बसलेली खेडी. दोन्ही एकाच जिल्ह्यात, एकाच काळात.

१२/
१८९६ साली पाऊस लवकर संपला आणि दख्खनात पुन्हा दुष्काळ पडला. त्यातच मुंबई-पुण्यात प्लेग आला. दुष्काळ संहितेनुसार लोकांचे हक्क कोणते, हे सार्वजनिक सभा आणि लोकमान्य टिळकांचा ‘केसरी’ शेतकऱ्यांना सांगू लागले. १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. त्याच वर्षी टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. दुष्काळाविषयी बोलणे म्हणजे राज्यकारभाराविषयी बोलणे, हे सरकारही ओळखून होते.

१३/
दुष्काळावरील हरिभाऊंची मराठी गोष्ट म्हणजे ‘काळ तर मोठा कठीण आला!’. शीर्षकाकडे नीट पाहावे. त्यात ‘दुष्काळ’ हा शब्दच नाही. हे अहवालातले वाक्य नव्हे. ओसरीवर बसून एकाने दुसऱ्यापाशी टाकलेला तो सुस्कारा आहे. गॅझेटिअर ज्या आवाजाला जागा देऊ शकले नाही, तो येथे शीर्षकापासूनच ऐकू येतो.

१४/
या गोष्टीच्या केंद्रस्थानी गरीब शेतकऱ्याचे कुटुंब आहे. दुष्काळ येथे आकड्यांतून येत नाही. तो घरात शिरतो. हरिभाऊंच्या आधी मराठी गद्यात अद्भुत प्रेमकथा, राजपुत्र आणि योगायोग यांची रेलचेल होती. एका भुकेल्या घराला कथेचा विषय होण्याइतके मोल आहे, हा निर्णय त्या काळी लहान नव्हता. ‘करमणूक’ नावाच्या साप्ताहिकाच्या संपादकाने तो घेतला, हे अधिकच लक्षणीय.

१५/
त्याच काळातली दुसरी दुष्काळकथा तुलनेसाठी घेऊ. रुडयार्ड किपलिंग १८६५ साली मुंबईत जन्मला. हरिभाऊंहून थोडा लहान, आणि त्याच इलाख्यातला. लाहोरच्या ‘सिव्हिल अँड मिलिटरी गॅझेट’मध्ये वर्तमानपत्राच्या रकान्यांत मावतील अशा गोष्टी लिहून त्याने नाव कमावले. १८९५-९६ च्या हिवाळ्यात एका अमेरिकन मासिकात त्याची ‘विल्यम द काँकरर’ ही कथा आली. पार्श्वभूमी मद्रास इलाख्यातील दुष्काळाची.

१६/
कथेचा नायक स्कॉट हा पंजाबच्या पाटबंधारे खात्यातला इंग्रज अधिकारी. भात खाणारे लोक उत्तरेचे धान्य खाईनात, तेव्हा तो ते शेळ्यांना घालतो आणि त्यांच्या दुधावर तान्ह्या मुलांना जगवतो. ‘विल्यम’ हे त्याच्या सहकाऱ्याच्या धाडसी बहिणीचे टोपणनाव. कर्तव्य पार पडते आणि नाताळच्या सुमारास प्रेमही सफल होते. कथा कसबी आहे, अधिकाऱ्याचे श्रमही खरे वाटतात. परंतु भुकेलेली माणसे येथे एक समुदाय म्हणूनच दिसतात. दुष्काळ ही इंग्रज नायकाची कसोटी ठरते.

१७/
दोन्ही लेखक एकाच पिढीचे, दोघेही नियतकालिकांनी घडवलेले, दोघांचाही विषय हिंदुस्थानातील भूक. फरक कथेच्या मध्यभागी कोणाला बसवले याचा आहे. किपलिंगच्या वाचकाला प्रश्न पडतो, स्कॉट यशस्वी होईल का? हरिभाऊंच्या वाचकाला प्रश्न पडतो, हे घर टिकेल का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की वाचक सुखावतो. दुसरा प्रश्न पुस्तक मिटल्यावरही राहतो, कारण अशी घरे सोलापूर, नगर, विजापूर भागांत खरोखर होती.

१८/
हरिभाऊंच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ते पुण्याच्या पांढरपेशा सुधारक वर्तुळातले. त्यांचा वाचकही बहुतांशी शिकलेला, शहरी. ज्या शेतकऱ्याची ही गोष्ट, त्याला ती वाचता येण्याची शक्यता फार थोडी. म्हणजे हा आवाजही दुसऱ्याने लिहून घेतलेलाच. जोतीराव फुल्यांनी १८८० नंतरच्या दशकात ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून नेमकी ही दरी दाखवली होती. ‘स्फुट गोष्टी’ ती दरी बुजवू शकल्या नाहीत, पण पलीकडे माणूस आहे याची जाणीव त्यांनी वाचकाला करून दिली.

१९/
१८९५ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांचे ‘मनोरंजन’ मासिक निघाले. १९०९ साली त्याने दिवाळी अंकाची प्रथा रुजवली आणि मराठी कथेला वर्षातून एकदा हक्काचे घर मिळाले. आज आपण दिवाळी अंकात ग्रामीण कथा सहज वाचतो. त्या वाटेवरचा एक आरंभीचा टप्पा म्हणजे ‘करमणुकी’च्या संपादकाने सांगितलेली ही दुष्काळाची गोष्ट.

२०/
म्हणून तरुण अभ्यासकांनी सोलापूरचा दुष्काळ अभ्यासताना दोन पुस्तके शेजारी ठेवावीत. एक गॅझेटिअर: पाऊस किती पडला, भाव किती चढले, कामावर किती माणसे होती हे त्यातून कळेल. दुसरी हरिभाऊंची गोष्ट: त्या संख्येतल्या एका घरात संध्याकाळी चूल पेटली की नाही, हा प्रश्न ती विचारते. गोष्ट पुरावा म्हणून जपून वापरावी लागते. मात्र हा प्रश्न न विचारता केलेला दुष्काळाचा इतिहास अर्धाच राहतो.