'कुश' गांजाचे वाण : उगम, वैशिष्ट्ये आणि नामांतराचा इतिहास

प्रस्तावना :

मानवाने प्राचीन काळापासून लागवडीखाली आणलेल्या वनस्पतींमध्ये भांगेच्या झाडाचे स्थान वैशिष्ट्यपूर्ण आहे. धागा, तेलबी, औषध आणि मादक द्रव्य अशा चारही कारणांसाठी त्याची जोपासना झाली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिका व युरोपमध्ये 'कुश' या नावाने तीव्र गांजाचे एक वाणकुल प्रसिद्धीस आले. हे नाव अफगाणिस्तान व पाकिस्तानातील हिंदुकुश पर्वतरांगेवरून पडले आहे. परंतु नाव आणि मूळ वनस्पती यांचा संबंध वरवर दिसतो तितका सरळ नाही. प्रस्तुत लेखात या संबंधाचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे.

'इंडिका' या संज्ञेचा प्रवास :

लिनियसने १७५३ मध्ये या वनस्पतीस 'कॅनाबिस सटायव्हा' हे नाव दिले. १७८५ मध्ये लामार्कने भारतातील नमुन्यांच्या आधारे 'कॅनाबिस इंडिका' ही निराळी प्रजाती मांडली. भारतीय गांजाचे झाड उंच व अरुंद पानांचे असते. मुंबई इलाख्यात अहमदनगर जिल्हा (आजचा अहिल्यानगर) गांजाच्या लागवडीसाठी प्रसिद्ध होता. १८९३-९४ च्या भारतीय भांग-गांजा आयोगाच्या अहवालात या लागवडीची नोंद आहे.

रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाव्हिलोव्ह यांनी १९२४ मध्ये अफगाणिस्तानचा दौरा करून तेथील वनस्पतींचे वर्णन स्वतंत्रपणे केले. पुढे १९७४ मध्ये रिचर्ड शुल्टेस यांनी कंदाहारच्या परिसरातील बुटक्या, रुंद पानांच्या झाडांना 'इंडिका' म्हटले. परिणामी भारतीय वनस्पतीसाठी योजलेले नाव व्यवहारात अफगाण वनस्पतीस चिकटले आणि मूळ भारतीय गांजा 'सटायव्हा' गणला जाऊ लागला.

अफगाण वाणाची वैशिष्ट्ये :

अफगाण वाणाचे झाड बुटके, दाट फांद्यांचे असून पाने रुंद व गडद हिरवी असतात. तो लवकर फुलतो व थोड्या दिवसांत पक्व होतो. हिवाळ्यापूर्वी पीक हाती येणे आवश्यक असलेल्या प्रदेशात हा गुण निर्णायक ठरतो. फुलोऱ्यावर राळ विपुल असते. भारतात हिमालयाच्या पायथ्याशी जिवंत झाड हातावर चोळून चरस काढतात. अफगाण शेतकरी मात्र वाळलेली झाडे चाळून राळेची भुकटी मिळवतात व ती दाबून चरस करतात. चाळणीतून अधिक राळ देणाऱ्या झाडांचे बी पिढ्यान्‌पिढ्या राखले गेल्याने हा वाण घडला.

येथे एक बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. गाओनी व मेशुलम यांनी १९६४ मध्ये टीएचसी हे मुख्य मादक द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे केले. मॅकपार्टलँड व स्मॉल यांच्या २०२० च्या वर्गीकरणानुसार सीबीडी या दुसऱ्या घटकाच्या तुलनेत टीएचसीचे प्रमाण दक्षिण आशियाई वाणात अधिक, तर अफगाण वाणात कमी असते. म्हणजेच अफगाण वाणाची ख्याती राळेच्या विपुलतेवर आधारलेली होती. आजच्या 'कुश'ची तीव्रता ही नंतरच्या संकराची व निवडीची फलश्रुती होय.

संकर आणि विस्मरण :

१९६० व १९७० च्या दशकांत अफगाणिस्तानातून जाणाऱ्या परदेशी प्रवाशांबरोबर बियाणे अमेरिका व नेदरलँड्समध्ये पोहोचले. १९७३ मध्ये अफगाण राजसत्तेने लागवडीवर बंदी घातली, तर १९७९ च्या सोव्हिएत आक्रमणाने प्रवासाचा मार्गच खुंटला. तिकडे कॅलिफोर्नियात अफगाण, मेक्सिकन व कोलंबियन वाणांच्या संकरातून 'स्कंक' तयार झाला. १९९० च्या दशकात 'ओजी कुश' पुढे आला. त्याच्या वंशावळीविषयी एकवाक्यता नाही. २०१५ मधील एका जनुकीय अभ्यासात अनेक वाणांची बाजारातील नावे त्यांच्या जनुकीय ओळखीशी जुळत नसल्याचे दिसून आले.

समारोप :

'कुश' हे नाव आज प्रामुख्याने व्यापारी ओळख बनले आहे. ज्या शेतकऱ्यांच्या निवडीतून मूळ वाण घडला, त्यांच्या श्रमांची नोंद त्या नावात उरलेली नाही. उलट, संकरित बियाणे मूळ प्रदेशात परतल्याने स्थानिक वाणच धोक्यात आले असल्याचे मॅकपार्टलँड व स्मॉल यांनी दाखवून दिले आहे. मादक द्रव्याच्या सेवनाचा व कायद्याचा प्रश्न स्वतंत्र आहे. परंतु वनस्पतीचा इतिहास म्हणून या वाणांची नोंद व जतन होणे गरजेचे ठरते. मूळ वाण नष्ट झाल्यास नावाचा उगम तपासण्याचे साधनही त्याबरोबरच नाहीसे होईल.