तांब्या, तंबिगे आणि वस्तुचित्र

टेबलावर पांढरे कापड अंथरून त्यावर एक तांब्या, दोन वांगी आणि एखादे जाडजूड पुस्तक मांडले, की तो चित्रकलेचा तास आहे हे आमच्या पिढीला सांगावे लागत नसे. संकेश्वरसारख्या सीमेवरच्या गावी त्या तासाचे एक वैशिष्ट्य होते. त्याच वस्तूला काही मुले घरी तांब्या म्हणत, तर काही तंबिगे. कागदावर उतरल्यावर मात्र ती दोघांनाही सारखीच कळे. हे सामर्थ्य त्या वेळी आमच्या ध्यानी आले नाही. आम्ही गुण तेवढे मोजत होतो. वस्तुचित्राचा हा तास आपल्या शाळांत कोठून आला आणि येताना वाटेत काय विसरला, याचा मागोवा घेण्याजोगा आहे.

त्याचे मूळ लंडनमध्ये सापडते. १८५१ च्या जागतिक प्रदर्शनानंतर कारखान्यांच्या मालाला चांगले नमुने मिळावेत म्हणून हेन्री कोल यांच्या देखरेखीखाली चित्रशिक्षणाची एक पायरीबद्ध पद्धत रूढ झाली. प्रथम छापील नमुन्यांवरून रेषा गिरवायच्या, मग भूमितीच्या आकृत्या, मग प्लास्टरचे पुतळे आणि वस्तू. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली मुंबईत कलाशाळा सुरू झाली, तीवर याच पद्धतीची छाप पडली. हात वळणदार व्हावा, डोळा अचूक व्हावा आणि कुशल कारागीर तयार व्हावेत, हा हेतू होता. विद्यार्थ्याला स्वतःला काही सांगायचे असेल, हे त्यात गृहीत धरलेले नव्हते.

मात्र त्याच शाळेतील एका शिक्षकाने चित्राचा दुसरा उपयोग दाखवून दिला. १८६५ साली मुंबईत आलेले लॉकवुड किपलिंग यांनी १८७० मध्ये सरकारच्या सांगण्यावरून उत्तर हिंदुस्थानात फिरून कामात गढलेल्या कारागिरांची चित्रे काढली. त्यांत माणसाइतकेच महत्त्व त्याच्या हत्याराला आणि बैठकीला आहे. कोरीवकाम करणारा लाकूड कसे धरतो, हे शब्दांत सांगायला दोन पाने लागतील. चित्रात ते एका दृष्टिक्षेपात कळते. अशा ठिकाणी चित्र शोभेपुरते राहत नाही, ते माहिती सांगते.

पुढे मुंबई इलाख्यातील शाळांत ड्रॉइंगच्या ग्रेड परीक्षा आल्या. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ रोजी म्हैसूर राज्यात गेला, परीक्षांचे खाते बदलले. टेबलावरचा तांब्या मात्र जागचा हलला नाही. या परीक्षांनी मोठे काम केले, हे मान्य केलेच पाहिजे. तांब्याचे तोंड गोल असले तरी समोरून ते लंबवर्तुळाकार दिसते, हे खेड्यातल्या मुलाला प्रथम ड्रॉइंग मास्तरांनीच दाखवले. आपल्याला माहीत असते ते वेगळे आणि डोळ्यांना दिसते ते वेगळे, हा धडा लहान नाही. परंतु तांब्या हुबेहूब आला की काम संपले, अशी समजूतही तेथेच रुजली. हा तांब्या कोणाचा, तो कशासाठी, हे कोणी विचारले नाही.

तो प्रश्न गांधीजींच्या विचारात डोकावतो. आपले अक्षर वाईट असल्याची खंत आत्मकथेत सांगताना मुलांना लेखनाआधी चित्रकला शिकवावी, फुले-पक्षी पाहावेत तशी अक्षरे पाहायला लावावीत, असे त्यांनी सुचवले आहे. १९३७ च्या वर्धा परिषदेतून पुढे आलेल्या नई तालीममध्ये हातकामाला मध्यवर्ती स्थान मिळाले. पुढच्याच वर्षी हरिपुरा काँग्रेससाठी नंदलाल बोस यांनी रोजच्या कामात गुंतलेल्या ग्रामीण माणसांची चित्रे रंगवली, ती अक्षरशत्रू माणसालाही वाचता येत होती.

आपल्या भागातही ही परंपरा आहे. बेळगावात के. बी. कुलकर्णी यांनी विद्यार्थ्यांना निरीक्षणाची शिस्त लावली. त्यांचे शिष्य रवी परांजपे (जन्म बेळगाव, १९३५; निधन २०२२) यांनी पुढे वास्तूंची यथार्थदर्शी चित्रे काढण्यात मोठे नाव मिळवले. जी इमारत अजून उभी राहिलेली नाही, ती मालकाला आणि गवंड्याला एकाच वेळी समजावून सांगणारे ते चित्र असते. निरीक्षणातून आलेली रेषा कल्पना पोहोचवू लागते, ती अशी.

सरकारी नोकरीत असताना मला याचा प्रत्यय वारंवार आला. बांधाच्या तंट्यात मराठी जबाब आणि कन्नड जबाब यांचा मेळ बसत नसे. पण विहीर, आंब्याचे झाड आणि पायवाट दाखवणारा कच्चा नकाशा जमिनीवर काटकीने काढला, की दोन्ही पक्ष त्यावरच बोट ठेवून बोलू लागत.

अलीकडे नातवाने विचारले, मोट म्हणजे काय? मी शब्दांत सांगत गेलो: चामड्याची पिशवी, तिची सोंड, वरचा नाडा, खालचा सोंदूर, बैलांची धाव, पाणी पडते ते थारोळे. त्याच्या चेहऱ्यावर काही उमटेना. मग विहिरीचा उभा छेद काढला, वर चाक काढले, दोन दोर दाखवले. सोंदूर ओढलेला असल्याने सोंड वरच राहते आणि थारोळ्याशी येताच ती खाली होऊन पाणी सांडते, हे त्याने माझ्याआधी ओळखले. चित्र काही सुबक नव्हते. बैल तर शेळ्यांसारखे झाले होते.

म्हणून शिक्षकांना एक नम्र सूचना करावीशी वाटते. वस्तुचित्राची शिस्त जरूर ठेवावी, पण तिला एक प्रश्न जोडावा. ज्याने जाते कधी पाहिले नाही, त्याला ते कसे चालते हे एक अक्षरही न लिहिता दाखव, असे मुलाला सांगावे. मग ते चित्र दुसऱ्या मुलाच्या हाती द्यावे. त्याला कळले तर चित्र उत्तम, न कळले तर पुन्हा काढावे. जाते, मोट, घंगाळ आपल्या घरांतून गेली आणि त्यांच्यामागून त्यांचे शब्दही चालले आहेत. आजी-आजोबांना विचारून मुलांनी त्यांची चित्रे काढली, तर नावे मराठीत लिहा वा कन्नडमध्ये, वस्तू दोन्ही घरांत ओळखीची राहील.