परसबाग : निलंगा परिसरातील उन्हाळी माळवे

परसबाग, निलंगा परिसरातील : घरच्या खाण्यासाठी भाजीपाला, थोडी फळझाडे आणि घरगुती औषधाची झाडे लावण्याची घरामागची किंवा घराशेजारची जागा. निलंगा हे लातूर जिल्ह्याच्या दक्षिणेकडील, कर्नाटकाच्या सीमेजवळचे तालुक्याचे ठिकाण. १९५६ पूर्वी हा तालुका हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात होता. राज्य पुनर्रचनेनंतर तो उस्मानाबादला जोडला गेला आणि १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाल्यावर लातूरमध्ये आला. या नोंदीत एक ते पाच गुंठ्यांच्या मोठ्या परसबागेची माघ-फाल्गुनातील लावणी आणि चैत्र-वैशाखातील निगा यांची माहिती दिली आहे. वर्षातला हा सर्वांत कठीण हंगाम. पावसाळ्यात परसात काहीही उगवते, पण उन्हाळ्यात जे टिकते ते राखणाऱ्याच्या हिशेबामुळे.

हवामान व जमीन. पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखात येतो. तोवर निलंग्यात पारा चाळिशीला पोचलेला असतो, त्यामुळे वसंतात बी टाकणाऱ्याला उशीर झालेला असतो. थंडी ओसरू लागली की, म्हणजे जानेवारीचा शेवट ते महाशिवरात्र या काळात पेरणी व्हावी, पाडव्याला वेल मांडवावर चढलेले असावेत आणि वैशाखात तोडणी चालू असावी, असे इथले वेळापत्रक आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीचाही धोका असतो. २०१४ च्या गारपिटीने मराठवाड्यातील उभी पिके झोडपली होती. म्हणून सगळे बी एकाच दिवशी न लावता पंधरा दिवसांच्या अंतराने दोन-तीन टप्प्यांत लावणे शहाणपणाचे ठरते.

जमीन बहुतेक ठिकाणी बेसाल्टपासून बनलेली भारी काळी, उंचवट्यांवर मुरमाड. काळी जमीन ओलावा धरते, पण पुरती वाळली की तिला भेगा पडतात व त्यांत रोपांच्या मुळ्या तुटतात. ओली असताना खुरपे लावले तर ढेकळे होतात आणि ती वाळून दगडासारखी बनतात. म्हणून मशागत वाफशावरच करावी. मूठभर माती दाबून गोळा करावा. तो बोटाने सहज फुटला म्हणजे वाफसा आला. चुनखडीच्या जमिनीत कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता होय. अशा वेळी एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस विरघळवून सकाळी किंवा संध्याकाळी फवारतात. कायमचा उपाय मात्र भरपूर शेणखत हाच.

पाण्याचे माप. परसबाग किती मोठी करावी हे जागेपेक्षा पाण्यावर ठरते. एप्रिल-मे महिन्यांत वाढत्या भाजीपाल्याला दर चौरस मीटरला रोज सुमारे ६ लिटर पाणी लागते असे धरले, तर एक गुंठा (सुमारे १०१ चौरस मीटर) पूर्ण लावल्यास रोज ६०० लिटर पाणी हवे. जलजीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी ५५ लिटर मिळाले तर पाच जणांच्या घरात दिवसाला २७५ लिटर पाणी येते. अंघोळ, भांडी, धुणे यांतून त्यातले निम्मे परसात उतरले तरी सुमारे २३ चौरस मीटर, म्हणजे अडीचशे चौरस फूट वाफे भिजतात. आच्छादन व सावली करून गरज ४ लिटरांवर आणली, तर त्याच पाण्यात जवळजवळ पावणेचारशे चौरस फूट माळवे (भाजीपाला) निघते. त्यापुढच्या विस्तारासाठी विहिरीचे किंवा बोअरचे खात्रीचे पाणी असावे लागते.

पाण्याची खात्री या भागात गृहीत धरता येत नाही. तेरणा नदी तालुक्यातून वाहत जाऊन मांजरेला मिळते, पण उन्हाळ्यात पात्र कोरडे पडते. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पहिल्या खेपेत दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आले. अशा टंचाईच्या मुलखात सांडपाणी वाया घालवणे परवडत नाही.

सांडपाण्याची वाटणी ठरवून करावी. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी पालेभाज्यांना द्यावे. अंघोळीचे पाणी केळी, अळू, कर्दळ, शेवगा यांच्या आळ्यात सोडावे. धुण्याच्या साबणातील सोडियममुळे काळी माती चिकट व घट्ट होते, म्हणून ते पाणी एकाच जागी रोज न टाकता पाळीपाळीने आणि मधूनमधून साध्या पाण्याबरोबर द्यावे. कच्च्या खाण्याच्या भाजीला ते देऊ नये. संडासाचे पाणी परसात येऊ देऊ नये.

आखणी. वेल उत्तरेकडच्या किंवा कुंपणाच्या बाजूला असावेत, म्हणजे ठेंगण्या भाजीचे ऊन अडत नाही. पश्चिमेला शेवरी, हादगा, एरंड किंवा मक्याची दाट ओळ लावावी. दुपारनंतरचे ऊन व झळा तीच अडवते. शेवगा, कढीपत्ता, लिंबू, केळी ही कायमची झाडे कडेला घ्यावीत. मधल्या जागेत हाताच्या टप्प्यात येतील असे चार फूट रुंदीचे वाफे व दीड फुटाच्या वाटा ठेवाव्यात. वाफ्यात पाय पडू नये. पावसाळ्यात गादीवाफे चांगले, पण उन्हाळ्यात ते लवकर सुकतात. म्हणून या हंगामात सपाट किंवा किंचित खोलगट वाफे करतात आणि वेलांसाठी फूटभर लांब, रुंद व खोल आळी खणतात. प्रत्येक आळ्यात कुजलेले शेणखत व मूठभर निंबोळी पेंड मिसळतात.

मांडवाला तुराट्या, आच्छादनाला सोयाबीनचे भुसकट किंवा उसाचे पाचट, खताला गोठ्यातले शेण आणि शेळ्यांच्या लेंड्या हे सारे शेतातच असते. लातूर जिल्हा तूर व सोयाबीनचा, त्यामुळे परसाला विकत आणावे लागते ते फार थोडे.

पिके व लावणी. उन्हाळ्याची खरी साथ देणारी पिके म्हणजे गवार, भेंडी, चवळी आणि वेलवर्गीय भाज्या.

भेंडी : बी रात्रभर भिजवून ओळींत दीड फूट व रोपांत अर्धा फूट अंतरावर टोबावे. ४५ ते ५० दिवसांनी पहिली तोडणी होते, त्यानंतर दिवसाआड. परभणीच्या कृषी विद्यापीठाने १९८५ मध्ये प्रसारित केलेले ‘परभणी क्रांती’ हे वाण पिवळ्या शिरांच्या विषाणूला (केवड्याला) तोंड देणारे म्हणून गाजले. ती प्रतिकारशक्ती आता पूर्वीइतकी राहिलेली नाही, पण वाण सरळ (संकरित नसलेले) असल्यामुळे घरचे बी धरता येते.

गवार : सर्वांत काटक. कमी पाण्यावर येते व जमिनीत नत्र सोडते. अंतर भेंडीइतकेच.

दुधी भोपळा, दोडका, कारले : दोन आळ्यांत तीन ते पाच फूट अंतर, आळ्यात तीन बिया, उगवल्यावर एक-दोनच सशक्त रोपे राखावीत. पाच-सहा जणांच्या घराला दुधीचे दोन आणि दोडका व कारल्याचे प्रत्येकी तीन-चार वेल पुरतात.

काकडी व वाळूक : जानेवारी-फेब्रुवारीत लावल्यास दीड महिन्यात फळ मिळते.

वांगी, मिरची, टोमॅटो : डिसेंबर-जानेवारीत रोप टाकून महिन्याभराने लावतात. दिवसाचे तापमान ३५ अंशांपुढे गेले आणि रात्रीही उकडू लागले की टोमॅटोची फुले गळतात, म्हणून टोमॅटोचे पीक मार्चअखेर हाती यायला हवे. वांगी व मिरची तग धरतात. वांग्याची दहा-बारा आणि मिरचीची पंधरा-वीस झाडे एका घराला भरपूर होतात.

पालेभाज्या : मेथी व कोथिंबीर उन्हात लवकर फुलावर येतात, त्या दुधीच्या मांडवाखाली किंवा शेडनेटखाली थोड्या थोड्या लावाव्यात. तांदुळजा, राजगिरा, चुका, अंबाडी यांना ऊन मानवते. दर आठ दिवसांनी एक लहान वाफा पेरला तर महिन्यानंतर खुडणीला खंड पडत नाही.

निगा. पाणी सूर्य उगवण्यापूर्वी किंवा मावळल्यावर द्यावे. रोप चार पानांवर आले की दोन-तीन इंच जाडीचे आच्छादन पसरावे, खोडाशी मात्र चार बोटे जागा मोकळी ठेवावी. वेलांच्या आळ्यात बिनझिलईचे मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून त्यात पाणी भरले व वर झाकण ठेवले, तर ओल मुळाशीच पाझरते आणि तणही वाढत नाही. एक-दोन दिवसांच्या गैरहजेरीत हीच युक्ती वेल वाचवते. खुरपणी उथळ ठेवावी. तिने तण निघते आणि भेगाही बुजतात.

वेलाला फुले भरपूर पण फळ नाही, ही चैत्रातली नेहमीची तक्रार असते. उष्णतेने नर फुले वाढतात व मादी कमी होतात, शिवाय भर उन्हात मधमाश्या फिरकत नाहीत. दुधी व दोडक्याची फुले दिवस कलल्यावर उमलतात, काकडी, कारले व लाल भोपळ्याची पहाटेपासून सकाळपर्यंत. मादी फुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढे लवदार फळ आधीच दिसते, नर फुलाचा देठ नुसता बारीक असतो. नर फूल खुडून पाकळ्या मागे दुमडाव्यात आणि मधला परागांचा कोंब मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवावा. परागीभवन साधले तर दोन-तीन दिवसांत ते लहानसे फळ फुगून मान खाली घालते, नाहीतर पिवळे पडून गळते.

कीड व रोग. कोरड्या उन्हात मावा, तुडतुडे, पांढरी माशी, फुलकिडे व कोळी वाढतात. पांढरी माशी भेंडीवर केवडा आणते, तर फुलकिडे व कोळी मिरचीवर बोकड्या. केवड्याचे झाड दिसताच उपटून दूर नेऊन पुरावे, ते बरे होत नाही. वेलांच्या कोवळ्या पानांना भोके पाडणारे लाल भुंगेरे सकाळी सुस्त असतात, तेव्हा हाताने वेचावेत. वांग्याचा सुकलेला शेंडा आतल्या अळीसकट छाटावा. फळमाशीने टोचलेली काकडी किंवा कारले जमिनीवर पडू देऊ नये, नाहीतर पुढची पिढी मातीतूनच वर येते.

घरगुती फवारणीत निंबोळी अर्क पहिला. ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवून गाळावी, त्यात चिमूटभर साबणाचा चुरा टाकून एक लिटर द्रावण करावे व संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूवर फवारावे. निंबोळ्या पिकतात जून-जुलैत, त्यामुळे उन्हाळ्याच्या फवारणीची तयारी आधीच्या आषाढातच करावी लागते.

एक धोका ध्यानात ठेवावा. उष्णता व पाण्याचा ताण यांमुळे दुधीत कडू विषारी द्रव्य वाढू शकते. चिरताना जिभेला लावलेला तुकडा कडू लागला तर तो दुधी शिजवूनही खाऊ नये, रस तर मुळीच पिऊ नये.

संस्था व चळवळी. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने औसा, निलंगा, उमरगा, लोहारा या भागांत दगडमातीच्या माळवदांची दाट गावे कोसळली. लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसली आणि अनेक घरांभोवती पूर्वी नसलेली मोकळी जागा आली. त्याच पुनर्वसनाच्या कामातून प्रेमा गोपालन यांची ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ही संस्था मराठवाड्यात रुजली. घरच्या शेतातला अर्धा-एक एकर बाईच्या निर्णयाखाली आणून त्यात आधी खाण्याची पिके व भाजीपाला घ्यायचा, हे तिचे एक एकराचे प्रारूप. संस्थेला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. राज्याच्या ‘उमेद’ अभियानाने बचत गटांमार्फत पोषण परसबागेचा प्रसार केला आहे. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ (स्थापना १८ मे १९७२) या विभागासाठी वाण व शिफारशी देते. महाराष्ट्रात छोट्या जागेवर विज्ञाननिष्ठ घरशेतीचा विचार श्री. अ. दाभोलकर यांच्या ‘प्रयोग परिवारा’ने रुजवला.

जागतिक आरोग्य संघटना रोज माणशी किमान ४०० ग्रॅम फळे-भाज्या सुचवते. पाच जणांच्या घरात ती गरज दोन किलोंची होते. मे महिन्यात बाजारात भाजी महागते तेव्हा मजुरीवर चालणाऱ्या घरातून ताटातली भाजीच आधी कमी होते. मांडवावरचा एक वेल आणि वाफ्यातली गवार त्या घराला देतात ते थेट पोषण आहे, आणि त्याची राखण बहुतेक ठिकाणी बाईच करते. म्हणूनच परसबागेला हौस समजून बाजूला सारणे चुकीचे ठरते.

पाणी तुटल्यास. वैशाखात विहीर तळाला गेली तर सगळीकडे थोडे थोडे पाणी शिंपडणे हा सर्वांत वाईट मार्ग आहे. त्याने सगळेच मरते. सोडण्याचा क्रम आधी ठरलेला असावा. फुलावर आलेली मेथी, कोथिंबीर व टोमॅटो आधी सोडावेत, मग काकडी, मग दोडका व कारले. वांग्याची झाडे गुडघ्याएवढी छाटून आच्छादनाखाली ठेवली तर पावसाबरोबर पुन्हा फुटतात. गवार, शेवगा, कढीपत्ता व लिंबू शेवटपर्यंत राखावे. बियाण्यासाठी धरलेल्या झाडांचे पाणी कशासाठीही तोडू नये.

बियाण्यासाठी भेंडीच्या मधल्या फांदीवरच्या शेंगा व दुधीचे एक चांगले फळ झाडावरच पूर्ण वाळू द्यावे. बी सावलीत सुकवून राखेत मिसळावे व हवाबंद डब्यात ठेवावे. मृग नक्षत्राच्या पहिल्या सरींनंतर वाफशावर हेच बी पुन्हा परसात जाते, आणि उन्हाळ्यात सोडून दिलेले वाफे त्या वेळी एकेक करून परत लागवडीखाली येतात.